नाटकाची संहिता, संगणक आणि पात्रयोजना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पात्रयोजनेत संगणकाचे काम नेमके कोणते?

कोणत्या नटाने कोणती भूमिका करावी हे संगणक सांगत नाही. एका नटाकडे कोणत्या दोन भूमिका देता येणार नाहीत, हे मात्र तो खात्रीने सांगतो. हौशी संस्थेत माणसे नऊ आणि पात्रे सोळा अशी स्थिती नेहमीची असते, आणि तेथे ‘हे जमणार नाही’ हे पहिल्या वाचनाच्याच आठवड्यात कळणे फार मोलाचे ठरते, कारण तीच गोष्ट रंगीत तालमीत कळली तर कोणाची तरी भूमिका काढून घ्यावी लागते. याखेरीज संवादांची मोजणी, पात्रांच्या परस्परसंबंधांचा आराखडा, तालमींचे वेळापत्रक आणि बदली नटांची तजवीज ही कामेही त्याच माहितीवर होतात. ती माहिती म्हणजे कोणते पात्र रंगमंचावर केव्हा आहे याचा एक प्रामाणिक तक्ता. तो चुकला की पुढचे सगळेच चुकते.

हा तक्ता कसा तयार करावा?

आडव्या ओळींत पात्रे आणि उभ्या स्तंभांत नाटकाचे तुकडे मांडावेत. पात्र त्या तुकड्यात रंगमंचावर असेल तर १ आणि नसेल तर ० लिहावे. येथे ‘तुकडा’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे, कारण मराठीत ‘प्रवेश’ या एकाच शब्दाला दोन अर्थ आहेत : अंकाचा भाग, आणि पात्राचे रंगमंचावर येणे. छापील प्रवेशांप्रमाणे स्तंभ पाडल्यास तक्ता फार ढोबळ होतो. दिवाणखान्यातल्या चाळीस मिनिटांच्या एकाच प्रवेशात सात माणसे येऊन जातात, परंतु ती सातही एका वेळी तेथे असतात असे नव्हे. म्हणून कोणीही आले किंवा गेले की नवा तुकडा सुरू झाला असे धरावे. अभिजात फ्रेंच नाटकांच्या छापील प्रतींत पात्र आले-गेले की नवा प्रवेश धरण्याचीच पद्धत होती, आणि ती या कामाला अगदी सोयीची आहे.

तक्ता केवळ संवादांवरून भरू नये. आमच्या संस्थेच्या एका नाटकात पोस्टमन दारात येतो, पाकीट देतो आणि एक अक्षरही न बोलता निघून जातो. तक्ता संवादांवरून भरला होता, त्यामुळे हा पोस्टमन त्यात नव्हताच, आणि ते काम ज्याच्याकडे दिले होते तो नट त्याच वेळी आतल्या खोलीतल्या खाटेवर आजारी आजोबा होऊन पडलेला होता. हे लक्षात आले तेव्हा तालमींचा तिसरा आठवडा चालू होता. तेव्हापासून आम्ही रंगसूचना दोन जणांकडून स्वतंत्रपणे वाचून घेतो आणि मगच दोन्ही तक्ते ताडून पाहतो. निःशब्द पात्रे, झोपलेली माणसे, प्रेत, खिडकीबाहेरून दिसणारी आकृती, ‘सगळे हसतात’ मधले सगळे, या जागी चुका होतात.

संहिता संगणकावर टाईप केलेली आहे. तक्ता संगणकालाच काढू द्यावा का?

पहिला कच्चा तक्ता जरूर काढू द्यावा, पण मराठी संहितेच्या काही खोडी आधी निस्तराव्या लागतात. सर्वांत मोठी खोड विसर्गाची आहे. पात्राच्या नावापुढे अपूर्णविराम हवा असतो, परंतु टंकलेखन करणारे बहुसंख्य लोक तेथे विसर्ग देतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाला मात्र ‘बाबा’ आणि ‘बाबाः’ ही दोन वेगळी माणसे वाटतात, शिवाय तिसऱ्या पानावर टंकलेखकाने आडवी रेघ दिली असेल तर तिसरा बाबाही जन्माला येतो. ‘वऱ्हाडकर’ या नावातला ऱ्ह दोन निरनिराळ्या रीतींनी साठवला जाऊ शकतो, आणि पडद्यावर एकसारख्या दिसणाऱ्या त्या नावाची दोन पात्रे तक्त्यात अवतरतात. म्हणून सर्वप्रथम संहितेतल्या सर्व वक्त्यांच्या नावांची यादी काढावी, प्रत्येक नाव किती वेळा आले ते पाहावे आणि एकदोनदाच आलेल्या नावांकडे संशयाने बघावे.

पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या संहिता बहुधा श्रीलिपी किंवा शिवाजी यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असतात. त्या आधी युनिकोडमध्ये बदलून घ्याव्या लागतात, आणि बदल झाल्यावर जोडाक्षरे व रफार डोळ्यांखालून घालावे लागतात. केवळ छापील प्रत हाती असेल तर टेसरॅक्ट ही मुक्त प्रणाली मराठी अक्षरे ओळखू शकते, पण पिवळ्या पडलेल्या कागदावरचे अनुस्वार ती हमखास गिळते.

रंगसूचनांमधील नावे शोधणे आणखी अवघड असते, आणि त्याचे कारण आपले सामान्यरूप. ‘शांता’ हे नाव शोधायला सांगितले तर ‘शांताला’ सापडते, ‘शांतेने’ सापडत नाही. त्यामुळे प्रत्येक पात्राच्या नावाची संभाव्य रूपे हाताने लिहून द्यावीत. पंधरा पात्रांसाठी हे अर्ध्या तासाचे काम आहे, त्यासाठी मोठी भाषातज्ज्ञ प्रणाली शोधत बसण्याचे कारण नाही.

आमच्या नाटकाला कमीत कमी किती नट लागतील?

एका क्षणी रंगमंचावर जास्तीत जास्त जितकी पात्रे असतात, तितके नट तर लागतातच. पण तेवढे पुरतातच असे नाही, आणि नेमक्या याच ठिकाणी अनेक दिग्दर्शकांचा हिशोब चुकतो. एक साधे उदाहरण घेऊ. पहिल्या तुकड्यात सासू आणि सून आहेत, दुसऱ्यात सून आणि शेजारीण, तिसऱ्यात शेजारीण आणि सासू. रंगमंचावर दोहोंहून अधिक स्त्रिया कधीच नाहीत. तरीही दोन अभिनेत्रींत हे नाटक होणार नाही, कारण तिघींपैकी कोणत्याही दोघी कुठे ना कुठे समोरासमोर येतातच. येथे तीन अभिनेत्री लागतील.

गणिताच्या भाषेत हा आलेख रंगवण्याचा प्रश्न आहे. प्रत्येक पात्र म्हणजे एक बिंदू, आणि एकत्र दिसणाऱ्या दोन पात्रांमध्ये एक रेघ. रेघेने जोडलेल्या बिंदूंना एकच रंग न देता सर्व बिंदू कमीत कमी रंगांत रंगवायचे असतात, आणि रंग म्हणजे नट. ज्या नाटकात प्रत्येक पात्र एकदाच येते आणि गेल्यावर परतत नाही, तेथे उत्तर सोपे असते : सर्वाधिक गर्दीच्या क्षणाची संख्या हेच उत्तर. पण नाटकातली माणसे परत येतात, किंबहुना परत येण्यासाठीच ती गेलेली असतात, आणि मग प्रश्न खरोखर कठीण होतो. रिचर्ड कार्प यांनी १९७२ मध्ये संगणकशास्त्रातील ज्या २१ प्रश्नांचे काठिण्य सिद्ध केले, त्यांत रंग देण्याचा हा प्रश्नही होता. २० पात्रे ८ नटांत वाटण्याच्या सर्व रीती एकेक करून तपासायच्या म्हटले, तर त्या १ वर १८ शून्ये इतक्या संख्येच्याही थोड्या पुढे जातात. प्रत्यक्षात घाबरण्याचे कारण नाही. मोठ्या नाटकातही पात्रे बहुधा वीस-तीसच असतात, आणि चांगली प्रणाली अशक्य पर्यायांच्या फांद्या सुरुवातीलाच छाटते, त्यामुळे उत्तर सहसा क्षणात मिळते.

त्यासाठी प्रोग्रॅम लिहावा लागतो, की एक्सेल पुरते?

बहुतेक संस्थांना एक्सेल किंवा लिबरऑफिस कॅल्क पुरते. दोन पात्रांच्या ओळी ‘समप्रॉडक्ट’ या सूत्रात दिल्या की ती दोन पात्रे किती तुकड्यांत एकत्र आहेत हे कळते. उत्तर शून्य आले, तर त्या दोन भूमिका एका नटाला देण्याचा विचार होऊ शकतो. सर्व जोड्यांसाठी हे सूत्र ओढून शून्याच्या चौकटी हिरव्या करून घेतल्या, की दिग्दर्शकापुढे ठेवण्याजोगे चित्र तयार होते. पायथन ही संगणकभाषा येणारे कोणी संस्थेत असेल तर नेटवर्कएक्स किंवा ओआर-टूल्स ही मुक्त साधने घ्यावीत. अटी वाढत गेल्या, उदाहरणार्थ ‘अमुक नटाला शनिवारी यायचे जमत नाही’, ‘तमुक नटीला गाता येते’, की त्यांचा उपयोग होऊ लागतो.

वेश बदलायला लागणारा वेळ कसा धरावा?

दोन पात्रे एकत्र येत नाहीत एवढ्यावर भागत नाही. एक गेले आणि दुसरे लगेच आले, तर नट विंगेत धोतर सोडणार केव्हा? म्हणून प्रत्येक तुकड्याचा कालावधी तक्त्यात एका स्वतंत्र ओळीत लिहावा. तो शब्दसंख्येवरून काढायचा असेल तर पुस्तकातला कुठला तरी वेग न वापरता आपल्याच नटमंडळींच्या पहिल्या वाचनाचे ध्वनिमुद्रण करून त्यावरून वेग काढावा, कारण गंभीर नाटकाचे विराम आणि फार्सचा झपाटा यांना एकच माप लागू पडत नाही. वेश बदलण्याचा वेळही घड्याळ लावून मोजावा. नऊवारी उतरवून सहावारी नेसणे आणि कोटावर टोपी चढवणे या दोन गोष्टी एका रकान्यात बसत नाहीत. मिशी लावणे सोपे, पण लावलेली मिशी घाम पुसून, चेहरा न ओरबाडता काढणे अवघड, हे रंगभूषाकाराला विचारल्यावाचून कळत नाही. नट डाव्या विंगेतून जाऊन उजवीकडून यायचा असेल तर पडद्यामागून जाण्याची वाटही धरावी, आणि दौऱ्यावर काही नाट्यगृहांत ती वाट नसतेच हेही लक्षात ठेवावे.

तक्ता ‘शक्य आहे’ म्हणतो. मग त्या दोन भूमिका एकाच नटाला द्याव्यात का?

या प्रश्नावर थोडे थांबणे आवश्यक आहे. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’मध्ये धाकटी राजकन्या कॉर्डेलिया पहिल्याच प्रवेशात निघून जाते आणि थेट चौथ्या अंकात परतते. राजाचा विदूषक पहिल्या अंकाच्या मध्यावर येतो आणि तिसऱ्या अंकात नाहीसा होतो. दोघे एकदाही समोरासमोर येत नाहीत. शिवाय शेवटी मेलेल्या मुलीला उचलून आणलेला लिअर ‘माझा बिचारा वेडा फासावर गेला’ अशा अर्थाचे काही बोलतो, आणि मुळातला इंग्रजी ‘फूल’ (fool) हा शब्द विदूषकालाही लागतो व लाडक्या माणसालाही, त्यामुळे त्या वाक्यात मुलगी आणि विदूषक दोघेही ऐकू येतात. तक्ता हिरवा आहे, काव्यही साथ देते. तरीही शेक्सपिअरच्या काळी या दोन भूमिका एकाच नटाने केल्या असे सिद्ध होत नाही. विदूषकाचे काम रॉबर्ट आर्मिन या कसलेल्या विनोदी नटाने केले असावे असे बहुतेक अभ्यासक मानतात, आणि त्या काळी तरुण स्त्रियांच्या भूमिका मुलगे करीत. तक्ता केवळ ‘अडथळा नाही’ एवढेच सांगत होता.

याच्या उलट उदाहरण ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’चे आहे. अथेन्सचा राजा थिसियस व त्याची वधू हिपोलिटा, आणि पऱ्यांचा राजा ओबेरॉन व राणी टिटानिया, या दोन जोड्या एकत्र येत नाहीत. पण चौथ्या अंकात पऱ्यांची जोडी बाहेर पडते, शिकारीचे शिंग वाजते आणि मर्त्य जोडी आत येते. मधला वेळ जवळजवळ शून्य आहे. वेशबदलाची अट कठोरपणे लावणारी कोणतीही प्रणाली येथे नकारच देईल. असे असतानाही पीटर ब्रुक यांनी १९७० मध्ये रॉयल शेक्सपिअर कंपनीच्या गाजलेल्या प्रयोगात दोन्ही जोड्या त्याच दोन नटांकडे दिल्या, आणि दिवसाचे राज्यकर्ते व रात्रीचे राज्यकर्ते एकच असल्याचा अर्थ प्रेक्षकांपुढे ठेवला. म्हणून वेशबदलाची अट ‘अशक्य’ या सदरात न टाकता ‘दिग्दर्शकाला विचारा’ या सदरात टाकावी, असा माझा स्पष्ट आग्रह आहे. खरी मनाई केवळ एकत्र दिसण्याची.

हौशी रंगभूमीवर आणखी एक व्यावहारिक बाब असते. पहिल्या अंकात हवालदार झालेला नट दुसऱ्या अंकात मुलीचा बाप म्हणून आला, तर प्रेक्षक काही मिनिटे ‘हवालदार वेशांतर करून आला’ असे समजून रहस्य उलगडण्याची वाट पाहतात. रहस्यनाटकात असा दुहेरी उपयोग शक्यतो करूच नये.

एकच पात्र अनेक रूपे घेत असेल तर?

तेव्हा संगणकाला तसे सांगावे लागते. आचार्य अत्रे यांच्या १९६२ मधल्या ‘तो मी नव्हेच’ या नाटकात प्रभाकर पणशीकर पाच रूपांत दिसत, आणि रूपे व स्थळे भराभर बदलता यावीत म्हणून फिरता रंगमंच वापरला होता. तेथे लखोबा लोखंडे आणि इतर नावे धारण करणारी माणसे वेगळी आहेत की एकच, हाच तर खटल्याचा विषय आहे. नावांवरून तक्ता काढणारी प्रणाली अशा ठिकाणी पाच माणसे मोजेल आणि ती पाच नटांना वाटण्याची सूचनाही निर्विकारपणे देईल. अशा भूमिका तक्त्यात आरंभीच एकत्र बांधून टाकाव्यात. एकपात्री प्रयोगाला तर हा तक्ता लागूच होत नाही. लक्ष्मण देशपांडे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये ५२ पात्रे एकट्याने उभी करीत, आणि त्यांतली कितीतरी एकमेकांशी भांडत असत.

पुरुषाची भूमिका स्त्रीला द्यायची असल्यास संहितेत किती बदल करावे लागतील?

अभिनेत्री पुरुष म्हणूनच उभी राहणार असेल, तर एकही नाही. बालगंधर्वांच्या काळी पुरुष स्त्रीभूमिका करीत, तेव्हा संवाद स्त्रीचेच असत. पण ‘वकीलसाहेबां’च्या जागी ‘वकीलबाई’ करायच्या असतील, तर मराठीत प्रत्येक क्रियापद तपासावे लागते. ‘मी आलो’चे ‘मी आले’ होते, आणि इतरांच्या तोंडी ‘तू गेलास’चे ‘तू गेलीस’ होते. ‘मी जाणार’ मात्र तसेच राहते. संगणक अशा सर्व जागा खुणा करून देऊ शकतो, त्या बदलण्याचे काम त्याच्यावर सोपवू नये. ‘गेले’ या एका रूपात आदरार्थी पुरुष, ‘मी’ म्हणणारी स्त्री आणि अनेक माणसे एवढे सगळे मावते, त्यामुळे कोणते ‘गेले’ कोणाचे हे माणसानेच ठरवावे. बदल करण्यापूर्वी लेखकाची परवानगी घ्यावी, आणि परिनिरीक्षण मंडळाने प्रमाणित केलेली प्रत व आपली प्रत यांत तफावत पडणार नाही हेही पाहावे.

संवादांची मोजणी करून प्रमुख भूमिका कोणती हे ठरते का?

अंदाज येतो. शब्दसंख्या, संवादसंख्या आणि रंगमंचावरील मिनिटे ही तीन वेगळी मापे आहेत, आणि त्यांच्यातली तफावतच अनेकदा बोलकी असते. रंगमंचावर तासभर असून दोनशेच शब्द बोलणाऱ्या भूमिकेसाठी ऐकणारा नट लागतो, आणि असे नट फार थोडे असतात. बेकेटच्या नाटकातला गोदो येतच नाही, त्याची ओळ शेवटपर्यंत रिकामी राहते, आणि तरीही नाटक त्याच्याचभोवती फिरते.

फ्रँको मोरेट्टी या अभ्यासकाने २०११ मध्ये ‘हॅम्लेट’मधील पात्रांचे जाळे काढले. कोण कोणाशी बोलतो एवढ्यावरून रेघा ओढल्या आणि मग एकेक पात्र काढून टाकल्यास जाळ्याचे काय होते ते पाहिले. त्यातून होरेशिओसारख्या, सहसा नुसता मित्र समजल्या जाणाऱ्या पात्राचे महत्त्व पुढे आले. रेघांना वजन नाही, म्हणजे एक शब्द आणि शंभर वाक्ये सारखीच धरली आहेत, ही उणीव त्यांनी स्वतःच मान्य केली होती. पात्रयोजनेसाठी मला हे जाळे एका कारणाने उपयोगी वाटते : छोट्या वाटणाऱ्या ज्या भूमिकेवाचून दोन गट तुटतात, ती भूमिका नवख्या नटाला देऊ नये.

तालमींचे वेळापत्रक यातूनच निघते का?

निघते, आणि नटमंडळी संगणकाचे आभार मानतात ते बहुधा याच कामासाठी. या प्रश्नाचे मूळ वाद्यवृंदात आहे. ॲडेलसन, नॉर्मन आणि लापोर्ट यांनी १९७६ मध्ये तो मांडला : पाच वादक, नऊ रचना, प्रत्येक रचनेत वेगळे वादक, तर सराव कोणत्या क्रमाने घ्यावा म्हणजे वादकांना कमीत कमी ताटकळावे लागेल? नऊ रचनांचे ३,६२,८८० क्रम होतात, तेव्हा कागदावर हे जमत नाही. पुढे १९९३ मध्ये चित्रपटांच्या चित्रीकरणासाठी हाच विचार पुढे नेला गेला, कारण तेथे बसून राहिलेल्या कलावंतालाही पैसे द्यावे लागतात. हौशी नाटकात पैसे द्यायचे नसतात, परंतु नोकरी सांभाळून सात वाजता आलेल्या माणसाला दहा वाजता दोन वाक्यांसाठी उभे केले, तर तो दुसऱ्या आठवड्यापासून येईनासा होतो. मात्र संपूर्ण नाटकाची सलग तालीम या गणितात मावत नाही. शेवटचे दोन आठवडे वेळापत्रक बाजूला ठेवून सर्वांना बोलवावे.

संहिता एखाद्या एआय प्रणालीला देऊन तक्ता मागितला तर?

लेखकाची संमती नसेल तर देऊ नये. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क राहतो, त्यामुळे किर्लोस्कर, देवल किंवा गडकरी यांच्या मूळ संहितांवर निर्धास्तपणे सराव करता येईल. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत सौभद्र’ १८८२ चे आहे, आणि त्यात गाणारी व न गाणारी पात्रे अशी अटही आपोआप शिकायला मिळते. अशा प्रणालीने दिलेला तक्ता छान मांडलेला आणि आत्मविश्वासाने भरलेला असतो. आमचा पोस्टमन तिच्याही नजरेतून सुटू शकतो, म्हणून तो तक्ता ओळीने तपासावा.

नटांना गुण देऊन ते तक्त्यात घालावेत का?

घालू नयेत. ‘आवाज ६, हालचाल ४’ असे आकडे फाईलमध्ये राहतात आणि कधी ना कधी त्या नटाच्या मोबाईलवर पोहोचतात. उपलब्ध दिवस, गाता येणे, बोली येणे, वाद्य वाजवता येणे, एवढेच नोंदवावे, आणि तेही त्या व्यक्तीला विचारून.

प्रयोगाच्या दिवशी नट आजारी पडला तर हा तक्ता उपयोगी पडतो का?

पडतो. त्या नटाच्या तुकड्यांत मोकळे कोण आहे हे एका नजरेत दिसते, आणि त्यांतल्या कोणाला ते संवाद तालमीत सतत ऐकून पाठ झाले आहेत हे प्रॉम्प्टर सांगतो. मात्र लॅपटॉप घरी आणि मोबाईल बंद, अशा स्थितीत तो सापडत नाही. म्हणून तक्त्याच्या दोन मोठ्या छापील प्रती कराव्यात, एकेक दोन्ही विंगांत निळ्या दिव्याखाली चिकटवावी, आणि शेजारी दोऱ्याने पेन्सिल बांधून ठेवावी.